गिरणीतील संग्रहालय की गिरणीचे संग्रहालय?

मुंबईच्या काळाचौकी भागात इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ ज्या आवारात चालत असत, त्या सुमारे ४४ हजार चौरस मीटर जागेत भारतीय वस्त्रोद्योगाचे एक भव्य संग्रहालय उभारण्याचा संकल्प मुंबई महानगरपालिकेने सोडला, त्यास आता दशकाहून अधिक काळ लोटला. संकल्प सोडताना हातावर पाणी घ्यावे लागते. येथे त्या पाण्याचेच प्रथम कारंजे झाले. गिरणीच्या आवारातील तळ्यात संगीताच्या तालावर उसळणारे तुषार आणि त्यांवर प्रकाशाने रंगविलेली चित्रे यांस या योजनेच्या पहिल्या टप्प्यात मानाचे पान मिळाले. वास्तविक गिरणीतले तळे कोणी शोभेसाठी खोदीत नसे. बाष्पयंत्रास पाणी हवे आणि कापसाच्या गोदामास आगीचे भय, म्हणून ते तळे. ज्या पाण्याने अनेक वर्षे काम केले त्यास म्हातारपणी नाचावयास लावावे, हे पाहून हसावे की रडावे ते कळेना.

तथापि कारंज्यात कोणाचे मन रमत असेल तर त्याच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते अशा योजनांच्या मुळाशी असलेल्या एका समजुतीशी. आणि ती समजूत केवळ नगरपालिकांच्या कारभाऱ्यांची नसून पुष्कळ सुशिक्षित, रसिक व सद्हेतूच्या लोकांचीही आहे. ती अशी की, बंद पडलेली गिरणी म्हणजे उंच छपराची, ऐसपैस, भक्कम दगडी इमारत. तीत ढाक्याची मलमल, पाटणचा पटोला, बनारसचा शालू आणि आपली पैठणी काचेआड ओळीने मांडावी. मोहेंजोदडोच्या सुती कापडाच्या तुकड्यापासून आजतागायतची पाच हजार वर्षांची कथा भिंतीवर लिहावी. शेवटच्या दालनात एखादा जुना माग तेल-पाणी करून उभा ठेवावा. आणि बाहेर पडताना प्रेक्षकाने दुकानातून एक टॉवेल विकत घ्यावा, म्हणजे वारशाचे जतन झाले. आमचे म्हणणे असे की, हे वस्त्रांचे संग्रहालय झाले. ते खुशाल एखाद्या राजवाड्यात करावे. गिरणीत करावयाचे ते गिरणीचेच संग्रहालय असले पाहिजे, आणि तेथे कापडाहून कापड काढणारा माणूस अधिक दिसला पाहिजे.

माढ्यासारख्या गावी बसून मुंबईच्या गिरणीची उठाठेव कशास, असे कोणी विचारील. आमच्याकडे गिरणी म्हटले की प्रथम पिठाचीच गिरणी डोळ्यांपुढे येते, हेही खरे. परंतु गिरणी ज्या शहरात असते त्या शहराचीच ती असते, हा एक भ्रम आहे. सोलापूरच्या गिरण्यांची धुराडी सोलापुरात दिसत. त्यांची मुळे माढा, बार्शी, करमाळा या तालुक्यांतून पसरली होती. आमच्याच तालुक्यातील कुर्डुवाडीच्या स्टेशनास पूर्वी बार्शी रोड म्हणत. तेथे १८९७ साली बार्शीहून अडीच फुटी रुळांची छोटी गाडी येऊन मिळाली, आणि पुढे ती एकीकडे लातूरपर्यंत व दुसरीकडे पंढरपुरावरून मिरजेपर्यंत गेली. वारकऱ्यांनी खचाखच भरलेली ती गाडी जुन्या माणसांस आठवते. तिच्यातून कापसाचे गठ्ठे गेले ते मात्र कोणास आठवत नाहीत. गठ्ठ्यांमागून माणसेही गेली. कोरडवाहू ज्वारीचा हा मुलूख. पाऊस हुकला की येथल्या कुणब्यास आणि त्याहून अधिक येथल्या भूमिहीनास दोनच वाटा उरत: सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडणे, नाही तर गिरणी गाठणे. सोलापूरची पहिली गिरणी, जिला सारे शहर ‘जुनी मिल’ म्हणून ओळखते, ती मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांनी १८७४ साली स्थापिली आणि १८७७ च्या सुमारास चालू केली. म्हणजे ज्या वेळी या जिल्ह्यात माणसे दुष्काळाने मरत होती त्याच वेळी गिरणीचा पहिला भोंगा झाला. यास योगायोग म्हणावयाचे असेल तर म्हणावे. पण उपाशी मजूर दाराशी उभा असता त्याच्या मजुरीचा भाव कोण ठरवितो, हे अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडताही समजते. गिरणीच्या संग्रहालयात हा दुष्काळ कोठेतरी दिसला पाहिजे. तो पैठणीच्या शेजारी शोभणार नाही, हे उघड आहे.

आता ‘भारतीय वस्त्रपरंपरा’ या शब्दाकडे वळू. मलमलीपासून गिरणीपर्यंत एकच अखंड धागा चालत आला, असे जे चित्र रंगविले जाते त्यास इतिहासाचा आधार नाही. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली सूतगिरणी काढण्याचा उद्योग आरंभिला तो ढाक्याच्या विणकरास गुरू करून नव्हे. यंत्रे लँकेशायरची, ती उभी करणारे कारागीर पुष्कळदा तिकडचेच, इमारतीचा आराखडाही तिकडचाच. गिरणी ही या घरची लेक नव्हे. ती लँकेशायरहून आणलेली सून. सुनेने सासूस घराबाहेर काढले, असा आरोप हातमागाचे कैवारी करतात आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. परंतु सोलापूरची हकिगत इतकी सरळ नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहराच्या पेठांतून जे हातमाग चालविले त्यांचे सूत गिरण्यांतूनच येई. गिरणी विणकराची वैरीण होती आणि त्याची अन्नदात्रीही होती. तिच्या कापडाने त्याचा बाजार खाल्ला, आणि तिच्या सुतावर त्याचे लुगडे उभे राहिले. पुढे हातमागाचा यंत्रमाग झाला, लुगड्याची चादर आणि टॉवेल झाले, आणि गिरण्या बंद पडल्यावरही पेठांतील खडखडाट चालू राहिला. सोलापुरी चादरीस भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या गिरणीच्या सुतावर तिची आजी विणली गेली त्या गिरणीस साधी पाटीही मिळाली तर पुष्कळ. हा गुंतागुंतीचा, थोडासा अडचणीचा इतिहास सोडून देऊन ‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ मांडणे सोपे आहे. पण मग त्यास प्रदर्शन म्हणावे, संग्रहालय म्हणू नये.

याच कथेची दुसरी एक आवृत्ती देशाभिमानी मंडळींस प्रिय आहे. १८९६ साली इंग्रज सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन टक्के जकात बसविली ती लँकेशायरच्या हितासाठी, आणि ती उठावयास १९२५ साल उजाडले. हा अन्याय होता यात शंका नाही व तो संग्रहालयात आलाच पाहिजे. परंतु गिरणीच्या मालकावर अन्याय झाला एवढ्याने गिरणीत अन्याय होत नव्हता असे ठरत नाही. मँचेस्टरशी झुंजणारा मालक आणि त्याच्याच खात्यात बारा-बारा तास उभी राहणारी बाई ही दोन्ही एकाच छपराखाली होती. पहिल्याविषयी बोलताना आपला कंठ दाटून येतो. दुसरीविषयी बोलण्याची वेळ आली की आपणांस एकाएकी वस्त्रकलेची आठवण होते.

एका वस्तूचे उदाहरण घेतो म्हणजे आमचे म्हणणे स्पष्ट होईल. मागाचा धोटा प्रत्येक संग्रहालयात असतो. गुळगुळीत लाकडाचा, दोन्ही टोकांस धातूची अणी असलेला, मासोळीच्या आकाराचा हा जिन्नस दिसावयास फार सुरेख. त्याखाली पाटी असते: ‘धोटा. यातून बाण्याचे सूत ताण्यामधून इकडून तिकडे नेले जाते.’ पाटी खरी आहे आणि तिच्यात एकही चूक नाही. पण धोट्यातील कांडी संपली की काय होत असे? नवी कांडी बसवून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावयाचे असे. आणि हे काम लवकर व्हावे म्हणून साचेवाला धोटा ओठांस लावून श्वासाने ते सूत ओढून घेई. दिवसातून किती वेळा, ते कांड्या किती लागल्या त्यावर. सुताबरोबर कापसाची धूळ आणि खळही तोंडात जाई. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने ही रीत आरोग्यास घातक म्हणून १९११ सालीच कायद्याने बंद केली.

आमच्याकडे मात्र या ओठांनी आणखी एक काम केले. ज्या धोट्यास अस्पृश्याचे तोंड लागले त्यास आपले तोंड कसे लावावे, म्हणून मुंबईच्या गिरण्यांतील सवर्ण व मुसलमान साचेवाल्यांनी अस्पृश्य कामगारांस विणकामाच्या खात्यात येऊ दिले नाही. कापड-खात्याची मजुरी अधिक; तेव्हा अस्पृश्यांच्या वाट्यास सूतखाते व त्याहून हलकी कामे राहिली. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेविला: मालकाकडे न्याय मागावयास निघालेले कामगार आपल्यातीलच एका वर्गास मागापाशी येऊ देणार की नाही? मालक, मुकादम, सरकार यांपैकी कोणी हा नियम कागदावर लिहिला नव्हता. तो धोट्यावर लिहिलेला होता. आता वाचकांनीच सांगावे, काचेच्या पेटीतील त्या सुरेख लाकडी मासोळीखाली कोणती पाटी असावी? महाविद्यालयाच्या वर्गात आज ‘धोटा’ हा शब्द उच्चारला तर तो बहुतेक मुलांस परका वाटतो. त्यांस तो शब्द शिकविताना त्याची आकृती तेवढी दाखवून हा भाग गाळावयाचा असेल, तर ते शिक्षण नव्हे, शिष्टाचार झाला.

सोलापूरचे असेच एक स्थळ आहे, ज्याचे नाव शहरात अजून ‘सेटलमेंट’ असेच रूढ आहे. गुन्हेगार जमातींचा म्हणून जो कायदा इंग्रजांनी केला, त्यान्वये कित्येक जमातींच्या लोकांस जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात वसविले. तेथे हजेरी असे. बाहेर पडावयाचे तर परवानगीने. आणि या कुंपणातील माणसे कामास कोठे जात? गिरणीत. एका बाजूस सरकारचा पहारा, दुसऱ्या बाजूस गिरणीचा भोंगा, आणि या दोहोंमध्ये माणसाचे आयुष्य. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हटल्या जाऊ लागल्या. भारतीय वस्त्रोद्योगाच्या इतिहासात हे प्रकरण कोठे बसते, असा प्रश्न एखाद्या संग्रहालयशास्त्रज्ञास पडेल. त्यास उत्तर इतकेच की, त्या माणसांनी कातलेले सूत ज्या कापडात बसले त्याच कापडात ते बसते.

जुन्या मिलचे आणखी एक चरित्र आहे, आणि ते कापडाचे नसून कायद्याचे आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये ही गिरणी चालकांनी बंद केली. हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये, प्रजासत्ताक होण्यास थोडे दिवस उरले असता, सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार आपल्या हाती घेतला व पुढे त्याचा कायदा झाला. एका भागधारकाने त्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली ती डिसेंबर १९५० मध्ये फेटाळली गेली. दुसऱ्या भागधारकाने पुन्हा दावा लावला, आणि डिसेंबर १९५३ मध्ये त्याच न्यायालयाने, भरपाई न देता मालमत्ता हिरावली गेली या कारणास्तव, तो कायदाच घटनाबाह्य ठरविला. १९५५ साली घटनेची चौथी दुरुस्ती झाली तिच्या मागे जे निर्णय होते त्यांत हा एक होय. देशभरचे कायद्याचे विद्यार्थी सोलापूर हे नाव चादरीमुळे ऐकण्याआधी या खटल्यात वाचतात! पण त्या निर्णयांची पाने चाळावी तो भागधारकांची नावे मोठ्या अक्षरांत, आणि ज्यांच्या पोटासाठी वटहुकूम निघाला ते कामगार केवळ एका समूहवाचक नामात. न्यायालयाचे ते कामच तसे. त्यास दोष नाही. संग्रहालयाने मात्र न्यायालयाची नक्कल करण्याचे कारण नाही.

१९३० च्या मे महिन्यात सोलापुरास जो लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले, तो इतिहास सोलापूरकरांस सांगावयास नको; त्या दिवसांत रस्त्यावर उतरलेल्या जमावात गिरणी-कामगार किती मोठ्या संख्येने होते याचा उच्चार तेवढा होत नाही. दुसरे असे की, या शहराच्या गिरणीत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एका भोंग्यावर चालत. तेथील संग्रहालयाच्या पाट्या केवळ मराठी-इंग्रजीत निघाल्या तर पहिल्याच भिंतीवर अर्धी गिरणी पुसली जाईल.

या सर्वांवर आक्षेप येतात, आणि त्यांतील काही विचार करण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की, माणसे सुटीच्या दिवशी मुलाबाळांस घेऊन येतात ती चार घटका करमणुकीसाठी. त्यांस दुष्काळ, अस्पृश्यता, टाळेबंदी दाखविली तर ती पुन्हा येणार नाहीत. या आक्षेपात प्रेक्षकाविषयी जितका तुच्छभाव आहे तितका आमच्या लिखाणातही नसेल. काळाचौकी-लालबागेत आजही ज्यांच्या घरी भिंतीवर गिरणीत राबलेल्या आजोबांचे चित्र आहे तेच लोक या संग्रहालयाचे पहिले प्रेक्षक होत. त्यांस पटोला पाहावयाचा नाही असे नाही. पण आपला आजोबा ज्या दारातून आत जाई ते दार, त्याचे बिल्ल्यावरचे नंबर, तो खात असे ती खाणावळ, आजी जिच्या हाताखाली सूत उकली ती नायकीण, यांच्यासाठी ते अधिक लांबून येतील.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे आणि तो कामगारांच्या बाजूने येतो. ते म्हणतात, ‘आम्हांस स्मारक नको होते, आमची देणी व आमची घरे हवी होती.’ १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत जो संप सुरू झाला त्यात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले. तो रीतसर संपल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही, गिरण्याच संपल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश शहरास मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी आणि उरलेला मालकास असा वाटा ठरविला होता. २००१ साली नियम असा बदलला की वाटणी केवळ इमारती नसलेल्या रित्या जमिनीचीच व्हावी, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. परिणामी शहराच्या व घरांच्या वाट्यास जे आले ते फारच थोडे. घरांसाठी दीड लक्षाच्या घरात अर्ज आले. मिळाली त्यांची गणना त्याच्या लहानशा अंशाइतकी. दुसरीकडे फिनिक्स मिलसारख्या गिरण्यांच्या जागी बाजारपेठा उठल्या आणि धुराडे शोभेसाठी राखले गेले. सोलापुरात लक्ष्मी-विष्णु, नरसिंगगिरजी या गिरण्या गेल्या आणि पुष्कळ घरी चूल पेटती राहिली ती बायकांनी वळलेल्या विड्यांवर. तेव्हा या आक्षेपास उत्तर देण्याचा आम्हांस अधिकार नाही. संग्रहालय ही भरपाई नव्हे. ज्यास देणे द्यावयाचे त्याचे चित्र भिंतीवर टांगल्याने ते फिटत नाही. परंतु म्हणूनच ते देणे संग्रहालयात लिहिलेले असावे. ‘वारसा’ हा शब्द आपण हल्ली फार सैल वापरतो. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात वारसाकडे बापाची शेतवाडी येई तसे बापाचे ऋणही येई, आणि ते फेडणे हे पुत्राचे कर्तव्य मानीत. गिरणीचा वारसा सांगणाऱ्यांनी शेतवाडी तेवढी घेऊन खातेवही मागे टाकू नये. शेवटच्या दालनात लिलावाची यादी लावावी: किती चाती, किती साचे, कोणत्या भावाने भंगारात गेले; आणि तिच्या शेजारी थकलेल्या देण्यांची यादी.

हे सारे जगावेगळे आहे असेही नाही. इंग्लंडात चेशायर परगण्यात स्टायल येथे सॅम्युएल ग्रेग याने १७८४ साली क्वॉरी बँक ही गिरणी काढली. १९३९ साली ती नॅशनल ट्रस्टकडे आली व पुढे तिचे संग्रहालय झाले. तेथे गिरणीइतकेच महत्त्व दिले जाते ते शेजारच्या एका घरास, ज्यात अनाथालयांतून आणलेली लहान मुले उमेदवार म्हणून ठेवीत. ग्रेग घराण्याचा वेस्ट इंडीजमध्ये गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा होता, हेही तेथे लपवीत नाहीत. आमच्याकडे १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कामास लावण्याची बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ तासांची मर्यादा घातली. म्हणजे सात वर्षांचे मूल नऊ तास राबणे ही त्या काळची सुधारणा होती! या एका वाक्यासाठी एक संपूर्ण दालन खर्ची घातले तरी ते वाया जाणार नाही. अमेरिकेत लोवेल येथे १९७८ साली जे राष्ट्रीय उद्यान झाले त्यातील बूट मिलमध्ये विणकामाचे एक खाते पुन्हा उभे केले असून तेथील माग प्रत्यक्ष चालवून दाखवितात. प्रेक्षकांच्या हाती कानांत घालावयाचे बोळे देतात. चार घटकांतच माणसास कळते की येथे दिवसभर उभे राहणाऱ्यास शेजारच्याशी ओठांच्या हालचालीवरूनच का बोलावे लागे. कोणत्याही भित्तिचित्रापेक्षा हे अधिक सांगते. आपल्या गिरणीत तर आवाजाबरोबर उकाडाही होता. सूत तुटू नये म्हणून साचे-खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत. मे महिन्यातील सोलापुरात ती कशी लागत असेल याची कल्पना वाचकांनी करावी. वातानुकूलित दालनात हे कळावयाचे नाही.

आपल्या देशात वस्त्रसंग्रहालय म्हटले की अहमदाबादच्या कॅलिको म्युझियमचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. १९४९ साली गौतम साराभाई व गिरा साराभाई यांनी ते कॅलिको मिलच्याच आवारात स्थापिले. १९८३ साली ते शाहीबागेतील साराभाईंच्या वास्तूत गेले. हातमागाच्या व भरतकामाच्या वस्त्रांचा तसा संग्रह जगात विरळा. पण त्याची गोष्ट आमच्या पक्षास पुष्टी देणारी आहे. ते संग्रहालय वस्त्रांचे होते म्हणूनच गिरणीतून उठून बंगल्यात जाऊ शकले आणि तेथे अधिक शोभले. वस्त्रास गिरणीची गरज नव्हती. पुढे कॅलिको मिल बंद पडली. संग्रह सुखरूप राहिला. जे कापड त्या गिरणीने कधी विणले नाही ते अमर झाले, आणि जे तिने वर्षानुवर्षे विणले ते व ते विणणारे कोठे गेले हे पाहावयास तितकी प्रतिष्ठित जागा झाली नाही. काळाचौकीच्या योजनाकारांनी कॅलिकोचा कित्ता गिरवावयाचा ठरविला तर त्यांच्याजवळ ना तो संग्रह असेल, ना तो बंगला. आणि जे त्यांच्याजवळ आहे, जे साऱ्या हिंदुस्थानात दुसऱ्या कोणाजवळ अशा ठिकाणी नाही, म्हणजे खुद्द गिरणी आणि तिच्याभोवती अजून राहणारी माणसे, ते ते वाया घालवतील.

या माणसांविषयीच खरी घाई आहे. इमारत डागडुजी करून शंभर वर्षे ठेविता येते. १९८२ च्या संपात जो पंचविशीत होता तो आज सत्तरीच्या घरात आहे. त्याच्याआधीच्या पिढीतील फारच थोडे उरले. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांच्या तोंडचा इतिहास जमवून २००४ साली जे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले त्याच्या शीर्षकातच शंभर आवाजांचा उल्लेख आहे. ते काम खाजगी उमेदीचे होते, एवढ्या मोठ्या महापालिकेच्या उमेदीचे नव्हते. सोलापूर, बार्शी, कुर्डुवाडी, माढा येथील साचेवाले, कांडीवाल्या, मुकादम, फिटर यांचे आवाज तर बहुतांश हवेतच आहेत. ते टिपून घेण्यास मोठे भांडवल लागत नाही. आमच्यासारख्या तालुक्याच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या मुलांस एकेक घर वाटून दिले तरी एका वर्षात पुष्कळ काम होईल. घरोघर ट्रंकेत बिल्ले आहेत, पगाराच्या चिठ्ठ्या आहेत, युनियनच्या पावत्या आहेत, क्वचित हातात राहिलेला एखादा धोटाही आहे. नकाशे काढणारे, प्रकाशयोजना करणारे, कारंज्याचे नळ बसविणारे पुढेही मिळतील. निविदा काढावयाची तर प्रथम या कामाची काढावी. आणि पाट्या लिहावयाची वेळ येईल तेव्हा प्रत्येक पाटीचा मसुदा त्या खात्यात काम केलेल्या माणसास मोठ्याने वाचून दाखवावा. त्याने ‘हे असे नव्हते’ म्हटले, तर पाटी बदलावी.